ओळीतलं तिसरं घर

फोर्ट हॅलम, डकोटा
८ सप्टेंबर १८८४

कॉर्मॅक,

तुला एक आजी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पत्र दुसऱ्या कोणाचं तरी म्हणून तू परत करशील. आजी म्हणजे ती बाई, जी पलटणीचे सदरे धुताना तुला कपड्यांच्या टोपलीत घालून शेजारी ठेवायची. सिबी गेराटी. अजून जिवंत आहे. आठवण यावी म्हणून मरण्याचा विचार केला होता, पण हिवाळ्यात इथली जमीन खणायला शिपायांना फार त्रास होतो.

अक्षर बघून मी शिकले असं समजू नकोस. इस्पितळातल्या स्टुअर्डची बायको ओटिली ओबरहोल्ट लिहिते आहे. ती जर्मन, मी आयरिश. एकीच्या तोंडातून दुसरीच्या कागदावर जाताना काही सांडलं तर समजून घे. इथलं कुठे बोलायचं नाही अशी अट घातली, तर म्हणते, इस्पितळात राहणाऱ्या बाईला हे शिकवायला नको.

तुझ्या बापाला दिसेनासं झालं आहे.

उजवा डोळा गेलाच. डाव्याने उजेड कळतो, आणि समोर काही उभं असलं तर काहीतरी उभं आहे एवढं कळतं. माणूस की खांब हे तो बोलेपर्यंत कळत नाही. बाहेर कोणाला माहीत नाही. सार्जंट क्रेब्जला माहीत आहे, कारण तोच त्याला सांभाळतो. समोरून लेफ्टनंट आला तर क्रेब्ज एकदा खोकतो, त्याच्या वरचा आला तर दोनदा. पलटणीला वाटतं सार्जंट क्षयाने चालला. घरात तर अडचणच नाही. अधिकाऱ्यांच्या ओळीतल्या या तिसऱ्या घरात आम्ही इतकी वर्षं काढली की भिंती त्याला ओळखतात. दाराबाहेर पायऱ्या, खाली खडीची वाट, पुढे झेंड्याचा खांब. खांबावर दोरी आपटते तो आवाज धरून तो मैदानात जातो आणि तो आवाज पाठीवर घेऊन परत येतो. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काय ताठ चालतो हा म्हातारा.

हे एप्रिलपर्यंत चालवायचं आहे. वीस वर्षं झाली, तुझा बाप कॅप्टन आहे. उत्तर-दक्षिणेच्या युद्धात पुलावर पलटणीचं निशाण उचलल्याचं पदक मिळालं. युद्ध संपल्यावर नावापुरती लेफ्टनंट कर्नलकी मिळाली, म्हणून लोक तोंडाने कर्नल म्हणतात आणि सरकार कॅप्टनच समजतं. खरी बढती वरचा माणूस हलल्याशिवाय नाही. ओटिलीचा नवरा ओबरहोल्ट संध्याकाळी लष्कराचं वर्तमानपत्र वाचतो आणि मी विचारते, आज कोणी गेलं का. देवाने हे ऐकलं नसेल अशी आशा आहे. आता पायदळाच्या यादीत तुझ्या बापाच्या, म्हणजे माझ्या मॅलकीच्या, वर कोणी उरलं नाही. एप्रिलमध्ये एक मेजर वय झालं म्हणून घरी जातो, आणि त्याच्या जागी मॅलकी. दुष्काळात गॉलवेहून अनवाणी आणलेलं माझं पोर, पोटाला भाकरी मिळावी म्हणून फौजेत गेलेलं, ते मेजर. त्याआधी डोळ्यांचं कळलं तर त्याला निवृत्तीच्या मंडळापुढे उभं करतील आणि कॅप्टन म्हणूनच घरी पाठवतील.

आणि आता नवीन कॅप्टन येतो आहे, थॅकवेल नावाचा, बायको, पाच पोरं आणि पियानो घेऊन. तो घोडदळातला, त्याची बढतीची यादी वेगळी. पण घराच्या बाबतीत यादी एकच असते, कोण आधी कॅप्टन झाला त्याची, आणि थॅकवेल तुझ्या बापाच्या जरा आधी झाला. तू मासळीवाल्यांत राहून विसरला असशील म्हणून सांगते. वरचा माणूस येतो, ओळीतल्या हव्या त्या घरावर बोट ठेवतो, आणि आतल्याने सामान उचलायचं. तो खालच्याला उठवतो, खालचा त्याच्या खालच्याला, आणि शेवटचा लेफ्टनंट तंबूत जातो. तू जन्मलास तेव्हा तुझ्या आईला असंच बाळंतिणीच्या खाटेसकट उचलून नेलं होतं.

दुसऱ्या घरात गेला की तुझ्या बापाचे पायसुद्धा आंधळे होतील.

म्हणून म्हणते, त्याला चार ओळी लिही. तुमच्यात काय झालं ते मी विसरलेले नाही. शायेन आदिवासींची ती वस्ती जाळून तो परत आला, आणि तू जेवताना विचारलंस, "पुलासाठी पदक दिलं, बाबा. त्या तंबूंसाठी काय देणार आहेत?" तो जेवत राहिला. ताटातलं संपवलं, ताट माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तू गेलास. मी तेव्हा कोणाची बाजू घेतली नाही, आताही घेत नाही. पण ज्याने विचारलं तो समुद्राकाठी, ज्याला विचारलं तो इथे, आणि मधे मी आठ वर्षं दोघांचे मोजे विणते आहे.

तुझी आजी
सिबी


१९ ऑक्टोबर १८८४

कॉर्मॅक,

पत्र नाही. हात कामात असतील. मासे मारायला दोन्ही लागतात असं ऐकलं आहे.

थॅकवेल मंडळी आली. कॅप्टन आधी कचेरीत गेला आणि बाई घरं बघत फिरली. फौजेत घर बायकाच निवडतात, नवरे नुसतं बोट ठेवतात. मी तयारीत होते. चुलीच्या धुराड्यात ओलं पोतं कोंबून ठेवलं होतं. बाई आत आली तर तिला मी दिसेना.

खोकत म्हणाली, "धूर नेहमी असतो का हो?"

"छे. वारा असला तरच."

"आणि वारा कधी असतो?"

"रोज."

हसली. मग मी भिंतीतल्या ढेकणांचं सांगितलं. ती म्हणाली, "माझी पाच पोरं आहेत, आजीबाई. ढेकूणच दुसरं घर बघतील." मला ती आवडायला लागली आणि मी घाबरले. आवडणाऱ्या माणसाशी खोटं बोलताना मला दम लागतो.

तेवढ्यात मॅलकी आला. पाहुणी आहे हे आवाजावरून कळल्यावर त्याचं सभ्यपण जागं झालं. त्याला ते उशिरा शिकावं लागलं, म्हणून तो कधी चुकवत नाही. स्वतः कॉफी ओतायला बसला. कपाच्या काठावरून एक बोट आत सोडलं, कॉफी बोटाला लागेपर्यंत ओतली आणि थांबला. भाजलं असेल, पण तोंडावर काही नाही. कप सांडल्याशिवाय तिच्यापुढे ठेवला. मी मनात म्हटलं, निभावलं.

मग तो दाराकडे वळला. तिथे खुंटीवर माझा मोठा कोट आणि त्याची टोपी टांगलेली असते. बाईने धुराने खराब होऊ नये म्हणून आपली शालही तिथेच दाराशी अडकवली होती, त्यामुळे रोजच्यापेक्षा ढीग मोठा झाला होता. मॅलकी त्या कोटासमोर जरा वाकला आणि म्हणाला, "कॅप्टन थॅकवेल, दारात का उभे? आत या. घर तुमचंच समजा, आज ना उद्या होणारच आहे."

ओटिलीने इथे लेखणी थांबवली आहे. मी म्हटलं, लिही.

थॅकवेलबाईने कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी धुरामुळे डोळे पुसत होते. मग ती अगदी सहज म्हणाली, "ते जरा लाजाळू आहेत, कर्नल. बाहेरच थांबतो म्हणतात." आणि उठून दार उघडलं, बंद केलं, जसा कोणी बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने चौथ्या घरावर बोट ठेवलं. चौथं म्हणजे लेफ्टनंट पर्डीचं, ज्याचं छप्पर गळतं आणि ज्यात पियानो ठेवला तर माणसांना उभं राहावं लागेल. मी इतकी खूष झाले की धुराड्यातलं पोतं काढायचं विसरले आणि रात्रीचं जेवण धुराचंच झालं.

खूष होऊन चूक केली. त्या दोघांनी उपकार केला आणि आम्हाला बुडवलं. या फौजेत चांगलं घर सोडून वाईट घर कोणी घेतल्याचं मी माझ्या जन्मात पाहिलं नाही. पर्डीची बायको पाण्याच्या गाडीशी उभी राहून येईल त्याला विचारू लागली, "तिसरं सोडून आमचंच का?" विचारण्यासारखंच होतं, आणि ज्याला विचारलं त्याने घरी जाऊन विचार केला. कोणाला आठवलं की कर्नलसाहेब हल्ली हुकूम स्वतः वाचत नाहीत. कोणाला आठवलं की ते पत्ते खेळायचे बंद झाले.

काल मैदानावर क्रेब्ज दोनदा खोकला. आधी शिपाई हसायचे. काल कोणी हसलं नाही.


६ नोव्हेंबर १८८४

कॉर्मॅक,

तुझ्या पत्राची वाट बघणं सोडलं आहे, म्हणजे आता ते येईल.

मॅलकीने जेवताना विचारलं, "आई, थॅकवेलने चौथं का घेतलं?"

"आवडलं असेल."

"फौजेत चौथं कोणाला आवडत नाही. कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. क्रेब्जला. ओटिलीला."

"आणि?"

"आणि आता इतरांना."

तो बराच वेळ ब्रेडचा तुकडा बोटांत फिरवत बसला. मी म्हटलं, "एप्रिल काही लांब नाही रे. हे लोक गप्प बसतील. तुझ्यावर जीव आहे त्यांचा."

"गप्प बसतील, म्हणूनच तर," तो म्हणाला. "सगळी पलटण माझ्यासाठी खोटं बोलणार आणि मी पुढे चालणार? मला रस्ता दिसत नाही, आई. उद्या कुठे न्यायची वेळ आली तर मी यांना नेऊ कुठे?"

मी एवढंच म्हटलं, की आधी मेजर हो, मग कोणाला कुठे नेऊ नकोस. तो हसला, पण मनापासून नाही.

सकाळी तो थॅकवेलकडे गेला. मी मागे गेले, कारण चौथ्या घराला पायऱ्या उलट्या बाजूला आहेत. दारात उभा राहून म्हणाला, "कॅप्टन, तुम्ही माझ्याहून वरिष्ठ आहात. तिसरं घर तुमचं आहे. ते घ्या."

थॅकवेल चांगला माणूस आहे, पण त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "कर्नल, खरं सांगू का, माझ्या बायकोला हेच आवडलं."

"तुमची बायको खोटं बोलते," मॅलकी म्हणाला, "आणि फार सुंदर बोलते. त्या दिवशी मी एका कोटाला आत बोलावलं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, शाल न्यायला मुलगा आला आणि त्याने ती त्याच खुंटीवरून काढली तेव्हा. माझ्यातर्फे त्यांचे आभार माना. पण हक्काशिवाय घरात राहायची मला सवय नाही."

त्याच दुपारी आम्ही सामान चौथ्या घरात हलवलं. भर उन्हात, सगळ्या मुक्कामादेखत. मी म्हटलं, शिपाई नेतील. नाही म्हणाला. स्वतःची खुर्ची स्वतः उचलली, चौथ्याच्या कुंपणाला धडकला, खुर्ची सावरली, पुन्हा धडकला. मैदानावरचे शिपाई हातातलं काम टाकून उभे होते. अधिकाऱ्याला मदत मागितल्याशिवाय करता येत नाही, आणि तो मागत नव्हता. क्रेब्ज कुंपणाशी उभा राहून खोकत होता, एकदा, दोनदा, नुसता खोकतच होता बिचारा. मॅलकी थांबला आणि म्हणाला, "पुरे आता, क्रेब्ज. औषध घे जरा खोकल्यावर."

मग हात पुढे केला. क्रेब्जने तो धरला.

संध्याकाळी डॉक्टर आला. त्याला केव्हाचं माहीत होतं असं मला वाटतं, कारण तो खुर्चीत बसून आपल्याच बुटांकडे बघत राहिला. म्हणाला, "आता मला कळवावं लागेल, कर्नल." मॅलकी म्हणाला, "म्हणून तर दिवसाउजेडी केलं."

आता कोणी विचारलं तर सांगेन की मी थकले आहे. सामानाने नाही. या फौजेत मी इतक्या वेळा घर उचललं की हात आपोआप बांधाबांध करतात. पण याआधी प्रत्येक वेळी दुसऱ्याने उठवलं होतं.


१४ फेब्रुवारी १८८५

कॉर्मॅक,

मंडळ सेंट पॉलला बसलं. थॅकवेल स्वतः रजा काढून मॅलकीबरोबर गेला, गाडीत चढवलं, उतरवलं, सगळं केलं. परत आल्यावर मॅलकी झोपला आणि थॅकवेल मला त्याच्या स्वयंपाकघरात घेऊन गेला, जे माझं होतं. धुराडं साफ केलं आहे त्यांनी. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगते. ओटिली, हळू लिही.

आधी तिथल्या कारकुनाने मॅलकीची सगळी नोकरी वाचून दाखवली. शिपाई म्हणून भरती, कॉर्पोरल, सार्जंट, पूल, निशाण, जखम, पदक, मग इकडचे मुक्काम एकामागून एक. थॅकवेल म्हणतो, कान देऊन ऐकावं असं होतं. मला ऐकायची गरज नाही. त्यातल्या प्रत्येक ओळीला एक सदरा होता आणि तो मी धुतला आहे.

मग मंडळाच्या अध्यक्षाने विचारलं, डोळ्यांना कधीपासून त्रास? हे नियमाने विचारावं लागतं, आजार नोकरीतच झाला की बाहेर. अध्यक्ष भला माणूस होता, उत्तरही त्यानेच पुढे केलं. "पुलावर तोफेचा भडका तोंडावर आला होता, असं कागदात आहे. तेव्हापासूनच ना, कर्नल?"

हो म्हटलं असतं तर सगळं सुंदर झालं असतं. शूर माणूस, निशाण, भडका, डोळे. सगळ्यांनी उठून हात मिळवले असते.

मॅलकी म्हणाला, "नाही. पुलानंतर मला चांगलं दिसत होतं. हिवाळ्यात शायेन वस्ती जाळली, तेव्हापासून."

अध्यक्ष म्हणाला, "म्हणजे बर्फाच्या चकाकीने."

"बर्फ होतं. आणि धूर होता."

"कसला धूर?"

"त्यांचा. तंबू, कातड्यांची पांघरुणं, हिवाळ्यासाठी सुकवलेलं मांस. लोक टेकडीवर पळाले होते आणि तिथून बघत होते. उघड्यावर, बर्फात, पोरांसकट. पेटवायचा हुकूम माझा होता, म्हणून सगळं जळेपर्यंत मला तिथेच उभं राहणं भाग होतं. मी दिवसभर बघितलं. बाकीच्यांनी तोंड फिरवलं तरी चालत होतं. परत आल्यावर माझ्या मुलाने एक प्रश्न विचारला तेव्हा त्याचा चेहरा मला पुसट दिसत होता. मला वाटलं, दमलो असेन."

 कारकुनाने विचारलं, काय लिहू. अध्यक्षाने सांगितलं, "कर्तव्य बजावताना बर्फाच्या चकाकीने दृष्टी गेली, असं लिही." मॅलकी म्हणाला, "धूरही लिहा." अध्यक्ष म्हणाला, "कर्नल, त्याची गरज नाही."

तर कागदावर नुसतं बर्फ आहे. त्याला कॅप्टन म्हणून निवृत्त केलं. मेजरची जागा कोणा दुसऱ्याला जाईल, ज्याला मी ओळखत नाही आणि ज्याच्या तब्येतीची चौकशी करायचं आता कारण नाही.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याला आठ वर्षं लागली, आणि ते त्याने भलत्याच माणसांना दिलं, ज्यांनी ते लिहूनही घेतलं नाही. म्हणून मी ओटिलीकडून लिहून घेते आहे. या उत्तराने तुझं समाधान व्हावं असं मी म्हणत नाही. टेकडीवरच्या त्या पोरांचं तर याने काहीच होत नाही, हे त्यालाही माहीत आहे. पण विचारलं तू होतंस, तर ते तुझ्याकडे पोचायला हवं.


२२ मार्च १८८५

कॉर्मॅक,

तुझं पत्र आलं. सहा ओळी. त्यातल्या चार हवामानावर. ओटिलीने तरी ते तीनदा वाचलं, कारण तुझ्या बापाने तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "तिकडे वारा बराच आहे म्हणायचा." मग उठून झेंड्याकडे चालत गेला. इथून त्याला दोरीचा आवाज दुसऱ्या बाजूने येतो, पण आता सापडतो.

उद्या गाडी येणार आणि आम्ही यँक्टनला जाणार. नदीजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. बघायला गेलो होतो तेव्हा तिथला दुकानदार मॅलकीला जनरल म्हणाला. एवढ्या लवकर बढती फौजेने कधीच दिली नव्हती. त्या घरातून आता आम्हाला कोणी उठवणार नाही, म्हणून मला तिथे झोप येईल की नाही शंका आहे. क्रेब्ज तिथे जाऊन दाराच्या चौकटींना दोरखंडाचे तुकडे बांधून आला, हाताला कळावं म्हणून. थॅकवेलबाईने पियानोवर काहीतरी वाजवून निरोप दिला. वाजवता तिला खोटं बोलण्याइतकं चांगलं येत नाही.

मंडळाबद्दल मी तुला लिहिलं हे त्याला सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. विचारलं, "सगळं लिहिलंस?" म्हटलं, सगळं. "धूरसुद्धा?" धूरसुद्धा. तो म्हणाला, "मग ठीक आहे." आता शेजारीच बसला आहे, ऐकतो आहे, आणि मी वेडंवाकडं सांगते तेव्हा खुर्ची करकरवतो.

काय पाठवू असं शेवटच्या ओळीत विचारलंस. इथे नदीची मासळी मिळते, ती चिखलासारखी लागते. त्याला समुद्राची आवडते, खारवलेला मॅकरेल सगळ्यात जास्त. पण मॅकरेलला काटे असतात आणि त्याला ते दिसत नाहीत. मी काढून दिलं तर ताट बाजूला सारतो, म्हणतो मी काही बाळ नाही. स्वतः काढायला गेला तर आमचं जेवण गळ्यात अडकतं, त्याचं काट्याने आणि माझं बघून.

तेव्हा नीट ऐक. नुसतं पार्सल करणार असशील तर सुका कॉड पाठव, काटे काढलेला, लाकडी पेटीत, झाकण खिळ्यांनी बंद करून. आणि स्वतः येणार असशील तर मॅकरेल आण, काट्यांसकट, आणि जेवताना त्याच्या शेजारी बस.

तुझी आजी
सिबी